हिला रडता येत नाही

बाहुली शिवायला मला दोन दुपारी लागल्या. अंगाला मऊ सुती कापड, केसांना तपकिरी लोकर, फ्रॉकला उरलेल्या अस्तराची झालर आणि तोंडाला लाल रेशमी दोऱ्याचं, साखळी टाक्याचं हसू. ते हसू दोन्ही गालांवर सारखं वर गेलं पाहिजे म्हणून मी तीनदा उसवलं होतं. तीस वर्षं कपडे शिवतेय. एक बाजू वर, एक खाली असलं काही माझ्या हातून बाहेर जात नाही.

दादूने बाहुली घेतली, उलटी केली, फ्रॉक वर करून आत चड्डी आहे का ते बघितलं (होती) आणि खेळायला घेऊन गेला. दहाएक मिनिटांनी परत आला.

"आत्तू, हिला रडता येत नाही."

"रडायचंय कशाला? किती छान हसतेय."

"ती जिन्यावरून पडलीये. पाय मोडलाय. आणि हसतेय."

मी म्हटलं, रडतेय असं समज. त्याने खरंच प्रयत्न केला. बाहुलीचं तोंड माझ्या मांडीत खुपसून तिच्या वतीने थोडा रडला. मग पुन्हा सरळ केली तर ती हसतच होती. "बघ," तो म्हणाला. गिऱ्हाइकांच्या तक्रारींना मी पटकन उत्तर देते. इथे उत्तर नव्हतं. छोटी कात्री घेतली आणि तीनदा उसवून बसवलेलं हसू चौथ्यांदा उसवलं. कापडावर सुईच्या भोकांची एक बारीक ओळ तेवढी राहिली.

"डोळेही काढू का?"

"नको. झोपवताना मी हात ठेवीन."

दादू माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, पाच वर्षांचा. त्याची बहीण ठमी, सव्वा वर्षाची. ही घरातली नावं, कागदावरची वेगळी आहेत. भाऊ आणि भावजय दोघंही कामावर जातात, त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुलं माझ्याकडे. मी घरीच शिवते. एका खोलीत मशीन, कातरणाची टोपली, दोन मुलं आणि गिऱ्हाइकांना दिलेल्या तारखा असं सगळं एकत्र नांदतं. खेळणी करायला लागले ती हौसेने नव्हे. ठमी सरपटत मशीनच्या पायडलपर्यंत पोचायला लागली, तिला दुसरीकडे गुंतवणं भाग होतं.

सुरुवात चेंडूपासून केली. मऊ चेंडू हे बाळाचं पहिलं खेळणं, ही अक्कल माझी नाही. जर्मनीत फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली, तिलाच पुढे त्यांनी किंडरगार्टन हे नाव दिलं. त्यांच्या खेळण्यांच्या संचातली पहिली 'भेट' म्हणजे लोकरीचे सहा रंगांचे सहा चेंडू. एवढं साधं. पण लोकर गुंडाळून चेंडू करणं मला माझ्या हाताला कमीपणा आणणारं वाटलं. मी पंचकोनांचा करायचं ठरवलं.

बारा पंचकोन, प्रत्येकाची बाजू ५ सेंटीमीटर. बारांच्या मिळून साठ कडा, दोन कडांची एक शिवण, म्हणजे तीस शिवणी. सगळी मिळून दीड मीटर टीप. ऐकायला काहीच नाही, एखाद्या फ्रॉकचा घेर याहून मोठा असतो. पण इथे तीसदा थांबायचं असतं. प्रत्येक टोकाशी तीन पंचकोन भेटतात, आणि टीप जर कापडाच्या कडेपर्यंत ताणली तर तिसऱ्याला बसायला जागाच उरत नाही, चुणी पडते. टीप मायेच्या (शिवणीबाहेर सोडलेल्या कापडाच्या) अलीकडे सोडायची, उलट टाका मारून पक्की करायची, कापड फिरवायचं, पुढची कड जुळवायची. असं वीस टोकांवर. पहिल्या चेंडूच्या सात टोकांवर मला चुण्या पडल्या, तो मी कुणाला दाखवलाच नाही. दुसरा झकास झाला. शेवटची शिवण उघडी ठेवून सुलटा केला, कातरण ठासून भरलं, हाताने बंद केला. १२ सेंटीमीटरचा छान गोल.

ठमी तेव्हा सहा महिन्यांची होती, नुकती बसायला लागलेली. तिने चेंडूवर दोन्ही हात टाकले, तो घरंगळला. मी परत आणून दिला. पुन्हा हात, पुन्हा घरंगळला. चौथ्या वेळी ती रडली. तिच्या मुठीत जेमतेम माझा अंगठा मावायचा आणि मी तिच्यासमोर एक गुळगुळीत कलिंगड ठेवलं होतं. टोकं जुळवण्याच्या नादात धरायचं कुठे हेच डोक्यात आलं नव्हतं.

मग चार शिवणी उसवल्या आणि त्यांत सॅटिनच्या फितीचे तुकडे दुमडून अडकवले, बाहेर ३ सेंटीमीटर राहतील इतकेच. लांब ठेवायच्या नाहीत, लांब फीत गळ्यात जाते. आता ठमीला चेंडू उचलता आला. उचलला, आणि फीत तोंडात घातली. पुढचे तीन महिने तिने त्या चार फिती आळीपाळीने चघळल्या. माझे बारा पंचकोन म्हणजे तिच्या लेखी फितींना लोंबणारं ओझं. एकदा भावाच्या शर्टाच्या आतलं धुलाईच्या सूचनांचं लेबल तिच्या हाती लागलं, तेव्हा तर फितीही मागे पडल्या.

दुसरी चूक भरणाची. कातरण फुकट असतं म्हणून भरलं. धुतल्यावर दोन दिवस आत ओल, मग कुबट वास. सगळं उपसून उशीत भरतात ते पॉलिस्टरचं फायबर घातलं. हलका झाला, आणि सकाळी धुतला की संध्याकाळपर्यंत कोरडा. तोंडात जाणारी वस्तू धुता आली पाहिजे हे आधी सुचायला हवं होतं.

नंतर एक पेटी केली, ती मात्र पहिल्याच फटक्यात जमली, कारण तिच्यात माझी कारागिरी जवळजवळ नव्हती. पुठ्ठ्याचा खोका, वर हात जाईल एवढं गोल भोक, भोकाच्या कडेला चिकटपट्टी. आत वीस-वीस सेंटीमीटरचे कापडाचे चौकोन, सुटे. जादूगारासारखे एकमेकांना गाठी मारून लांबलचक पट्टा करायची फार इच्छा झाली होती, पण तोच गळ्याचा प्रश्न. ठमी तेव्हा नऊ महिन्यांची. या वयाच्या आसपास मुलांना कळायला लागतं की दिसेनाशी झालेली वस्तू असतेच कुठेतरी. मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी याचा अभ्यास आपल्याच तीन मुलांना बघत केला होता. ठमीच्या बाबतीत त्या शोधाची वेळ मी घड्याळ लावून सांगू शकते. एक दिवस चौकोन पेटीत गेला की ती दुसरीकडे बघायची, आठवड्याने चौकोन गेला की भोकात हात घालायची. चोवीस चौकोन ती मिनिटभरात उपसायची. परत भरायला मला तीन मिनिटं. या हिशेबात तिचं काम सुरू असताना मी दोन शिवणी मारू शकायचे, आणि नंतर ती पेटी हलवत माझ्याकडे बघत बसायची. भावजय म्हणाली, "ताई, हे खेळणं तिचं आहे की तुमचं?"

मिठाच्या कणकेच्या गोळ्यांबद्दल पुष्कळ जणी सांगतात. त्यात पिठाच्या निम्मं मीठ असतं आणि ठमी सगळं खाते, म्हणून आमच्याकडे अजून नाही. बुडबुड्यांचं पाणी केलं, सांडलं, एका गिऱ्हाइकाच्या कापडावर सांडलं. त्याविषयी जास्त लिहीत नाही.

दादूचं खेळणं वेगळ्या रस्त्याने आलं. तो दिवसभर मागे उभा राहून "हे काय, ते काय" विचारतो. एकदा म्हटलं, डोळे मिटून सांग बघू मी हातात काय दिलं. तिथून चाचपणीची पिशवी निघाली.

नाडीची पिशवी, हात मनगटापर्यंत जाईल एवढं तोंड. आत आठ प्रकारच्या कापडांचे दोन-दोन तुकडे, सगळे ८ सेंटीमीटरचे चौकोन, म्हणजे सोळा. मखमल, कॉर्डुरॉय, डेनिम, सॅटिन, मलमल, लोकरीचं कापड, टॉवेलचं कापड आणि रेक्झिन. आधी मी आणखी दोन सुती कापडं घातली होती, पण ती दोघंही हाताला सारखीच, त्यावरून रोज भांडण, म्हणून काढली. सगळ्यांच्या कडा ओव्हरलॉक केल्या. नियम असा की एक तुकडा बाहेर काढायचा, दुसरा हात पिशवीत घालून त्याचा जोडीदार न बघता शोधायचा. बरोबर आला तर आपला, चुकला तर दोन्ही परत.

मला वाटलं होतं की मी मुद्दाम हरावं लागेल. कापड हे माझं पोट आहे, अंधारात हात लावून सांगेन. पहिल्या डावात मी डेनिम बाहेर काढलं आणि पिशवीतून डेनिम म्हणून जे ओढलं ते कॉर्डुरॉय निघालं, उलट्या बाजूने. माझी बोटं तुकडा हातात येताच नाव ठरवून मोकळी होत होती. 'जाड, ताठ, म्हणजे डेनिम.' दादूला नावं माहीतच नव्हती. तो तुकडा अंगठ्याने बराच वेळ चोळायचा, वास घ्यायला हात बाहेर काढायचा (हे नियमात बसत नाही, पण मी नियमात तसं लिहिलं नव्हतं), गालाला लावायचा. तो पाच-तीनने जिंकला.

मग त्याने त्याची नावं ठेवली. मखमल म्हणजे 'मांजर'. कॉर्डुरॉय म्हणजे 'रस्ता', कारण त्यावर बोट गाडीसारखं एका पट्टीत चालतं. सॅटिन म्हणजे 'आईच्या पर्सच्या आतलं'. टॉवेलचं कापड 'ओलं', कोरडं असलं तरी. डेनिमला दोन नावं मिळाली, सुलट बाजू 'बाबा' आणि उलट बाजू 'बाबा घरी'. हे मी हातातलं काम थांबवून बघितलं. डेनिमच्या विणीत उभा धागा निळा रंगवलेला असतो आणि आडवा पांढरा. तो आडवा बहुतेक मागच्या अंगाला येतो, म्हणून उलट बाजू फिकी दिसते. मी हे कित्येक शिकाऊ मुलींना शिकवलंय. पण ती बाजू हाताला वेगळी लागते याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

आता 'मांजर'चा एक तुकडा हरवलाय. मी नवा कापून द्यायला निघाले तर नको म्हणाला. उरलेलं मांजर एकटं आहे, ते ज्याच्या हाताला लागेल त्याने म्यांव करायचं. नियम बदलला, खेळ चालू आहे. आठ जोड्यांचा हिशेब मोडला याचा त्रास फक्त मला होतो.

स्पंजचा फासाही केला, बाजू ७ सेंटीमीटर, वर कापडाचं आवरण, ठिपके शिवलेले. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात आली पाहिजे, एकासमोर सहा, दोनासमोर पाच. मी कौतुकाने हे त्याला समजावलं. त्याने दोन दिवसांत ते वापरायला घेतलं: वर काय आलं ते पटलं नाही तर खालचा आकडा मागायचा. "खाली पाच आहे, मला माहितेय, तूच सांगितलंस."

ठमी रांगत होती तोवर सगळं उंचावर ठेवून भागत होतं. ती उभी राहून चालायला लागली आणि माझी खोली एकदम धोक्याची झाली. शिवणाच्या डब्यात काय नसतं? बटणं, हूक, टिकल्या, मणी, टाचण्या. बाजारातल्या खेळण्यांसाठी तपासणीची एक नळी असते, तीन वर्षांखालच्या मुलाचा घसा साधारण केवढा हे धरून आखलेली. व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर खोल. न दाबता जी वस्तू तिच्यात पूर्ण मावते ती लहान मुलाच्या खेळण्यात चालत नाही. मी ती नळी पुठ्ठ्याची वळून केली. मापं घेणं हे तर माझं कामच. मग अख्खा डबा तिच्यातून काढला. कोटाची मोठी बटणं मावली. बॉबिन मावली. अंगुस्तान मावलं. छोटी रिळं मावली. खडूचा तुकडा मावला. न मावणाऱ्या वस्तूंची रास फारच लहान होती, आणि त्यातही एक कात्री होती.

मावणारं सगळं वरच्या कप्प्यात कुलपात गेलं. मशीनच्या ड्रॉवरमध्ये एका छोट्या दिव्याचे दोन चपटे सेल पडले होते, ते मी कुलपातही ठेवले नाहीत, घराबाहेर काढले. नाण्याएवढा लिथियमचा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. लुकलुकणारी खेळणी मी शिवत नाही ती यासाठीच. बाहुलीलाही बटणांचे डोळे नाहीत, दोऱ्याचे आहेत. आणि ठमीसाठी शिवलेल्या प्रत्येक वस्तूला मी पाच लिटर पाण्याचा कॅन टांगून बघते. शिवण ताणून टाका दिसला की परत मशीनवर. भाऊ हसतो. हसू दे.

म्हणूनच रिकाम्या रिळाची गाडी ठमी झोपल्यावरच बाहेर निघते. लहानपणी आम्ही लाकडी रिळाची करायचो, आता प्लास्टिकची रिळं येतात, ती फरशीवर घसरतात. दोन्ही कडांना रबरबँडचे वेढे दिले की पकड येते. रिळाच्या भोकातून एक रबरबँड आरपार ओवायचा. एका बाजूला त्याच्या फासात काडीचा छोटा तुकडा अडकवून रिळाला चिकटपट्टीने पक्का करायचा, म्हणजे ते टोक फिरणार नाही. दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची भोक पाडलेली चकती, तिच्यातून रबर बाहेर, आणि त्या फासात लांब पेन्सिल. पेन्सिल पंचवीस-तीस वेळा फिरवायची, जमिनीवर ठेवायचं, सोडायचं. पेन्सिलीचं टोक जमिनीला टेकतं, ती फिरू शकत नाही, म्हणून रीळ फिरतं.

सगळी गंमत त्या मेणाच्या चकतीत आहे. पहिल्यांदा मी ती विसरले. पेन्सिल प्लास्टिकला करकचून घासून अडकली, मग एकदम सुटली, फर्रकन फिरली आणि सगळा पीळ दोन सेकंदांत संपला. मेणावर पेन्सिल सुळसुळीत पण हळू सरकते, पीळ थोडा थोडा सुटतो, आणि रीळ खुरडत खुरडत मिनिटभर चालतं. दादूने त्याचं नाव गोगलगाय ठेवलं. ती गोगलगाय माझ्या कापडाच्या घडीवर चढली, पट्टीवर चढली, पुस्तकाच्या कडेशी अडली. अडली की तो तोंड खाली नेऊन तिला काहीतरी सांगायचा. मी म्हटलं, हिला डोळे आणि शिंगं करू या का? दोन पिवळी लोकरीची शिंगं डोक्यात तयारही होती. तो विचारात पडला. "मग ती मागे कशी जाणार?" खरंच, पीळ उलटा दिला की ती उलटी चालते. शिंगं लावली असती तर तिला एक पुढची बाजू आली असती.

बटणाची भिंगरी हे आमचं दुसरं कुलूपबंद खेळणं. कोटाचं मोठं बटण, समोरासमोरच्या दोन भोकांतून मीटरभर मजबूत दोरा ओवून गाठ, बटण मध्ये, दोन्ही टोकं दोन हातांत. गरागरा पीळ देऊन ओढायचं, सैल सोडायचं, ओढायचं. घुंईं घुंईं असा आवाज येतो. मधमाशी, असं दादू म्हणाला. मला वाटतं मशीन. केस मात्र बांधूनच खेळायचं, माझी एक बट एकदा गेली. याच भिंगरीवरून मनू प्रकाश आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली कागदाच्या चकतीचं एक यंत्र केलं. वीज नसलेल्या ठिकाणी रक्ताचे घटक वेगळे करायला. हाताने ओढून ती चकती मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत फिरते. हे वाचल्यावर मी बटण हातात घेऊन मोजायचा प्रयत्न केला. मशीनचा वेग मला कानाने कळतो, याचा कळत नाही.

कुलपातलं सोडून बाकी सगळं आमच्याकडे एका मोठ्या खोक्यात राहतं. नव्या मशीनचा खोका. मशीन आलं त्या दिवशी दादूने मशीनकडे बघितलंसुद्धा नाही, तो थेट खोक्यात जाऊन बसला. अमेरिकेत रॉचेस्टरला खेळण्यांचं संग्रहालय आहे, तिथे नामांकित खेळण्यांना मानाची जागा देतात. त्यांनी २००५ साली पुठ्ठ्याच्या खोक्याला ती दिली आणि २००८ साली साध्या काठीला. निवड करणाऱ्यांच्या घरात नक्की लहान मुलं असणार. १९७१ साली सायमन निकल्सन या ब्रिटिश कलाकाराने मांडलं होतं की मुलांभोवती जितक्या सुट्या, हलवता-जोडता येणाऱ्या गोष्टी असतील तितकं त्यांचं डोकं चालतं. सुटे भाग, असं ते म्हणायचे. मला पटतं. फक्त संध्याकाळी ते सुटे भाग वेचायला कोण वाकणार, यावर त्यांनी काही मांडलं असेल तर ते माझ्यापर्यंत पोचलेलं नाही.

लहान मुलांचे कपडे शिवताना आम्ही आत जास्त माया ठेवतो. मूल वाढलं की तेवढं उसवून कपडा मोठा करता येतो. बाहेरून बघणाऱ्याला ती दिसत नाही. खेळण्यांत मी ती ठेवायचीच विसरत होते, वरच्या टाक्याकडे बघण्यात. आता बाहुलीचा फ्रॉक नाडीचा आहे, काढला की तंबू होतो. तिच्या केसांची लोकर विंचरून विंचरून पिंजली आहे, मी नीट करत नाही. हात शिवशिवतात, पण करत नाही.

गेल्या आठवड्यात दादू म्हणाला, मला शिवायचंय. मी आधी पुठ्ठ्याला भोकं पाडून बुटाची नाडी ओवायला दिली. खालून वर, वरून खाली. अर्ध्या तासात कंटाळला. "हे खोटं शिवणं आहे." मग लोकरीची सुई दिली, बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची. तिच्यात दुहेरी दोरा, टोकाला गाठ. कापड जाळीदार, सुई सहज जाईल असं. धावदोरा दाखवला. सुई त्याने मुठीत धरली, मी बोटं बदलली, तो परत मुठीवर आला. राहू दिलं.

ठमी झोपली होती, मी एका गिऱ्हाइकाच्या बाह्या लावत होते, तारीख त्याच दिवसाची. मागे बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मुलांच्या घरात अशी शांतता आली की वळून बघावं, पण बाही अर्ध्यावर होती. संपवून बघितलं तर तो भिंतीला टेकून, पाय पसरून, जीभ बाहेर काढून शिवत होता. जाळीदार कापड बाजूला पडलेलं. मांडीवर बाहुली, आणि तो तिच्या फ्रॉकची झालर कशाला तरी जोडत होता. टाके लांबच लांब, एक इकडे एक तिकडे, मध्ये दोऱ्याचा एक गुंता.

"उठून दाखव बघू," मी म्हटलं.

तो उठला. बाहुलीही उठली. तिची झालर त्याच्या विजारीच्या गुडघ्याला शिवली गेली होती, कापडाच्या दोन्ही थरांतून.

नवशिक्या सगळ्यांचं होतं हे, मांडीवर काम घेऊन बसलं की खालचं कापड सुईत येतं. माझंही झालंय. मी कात्री घेतली आणि म्हटलं, थांब, उसवून देते, हलू नकोस.

त्याने गुडघा मागे घेतला. दोन पावलं चालून बघितलं, मग एक उडी मारली. बाहुली उलटीपालटी झाली, पण सुटली नाही.

"नको उसवू," तो म्हणाला. "आता ही जिन्यावरून पडणारच नाही."

संध्याकाळी भावजय न्यायला आली तेव्हा तो तसाच खाली उतरला, कठडा धरून, एक पाय जरा अवघडून.